'पलायनवादी' वाचक म्हणजे कोण? आणि 'हलकी' कादंबरी म्हणजे कशी?

धरमपेठची चिमणी
मंडळी, अडकले आहे. इंग्रजीतून एक छोटी कादंबरी मराठीत आणली आहे. दोन शेजारी, एक कुत्रा, तीन गैरसमज आणि शेवटी लग्न, बस एवढीच गोष्ट. मलपृष्ठासाठी चार ओळी हव्या आहेत. मूळ पुस्तकावर 'लाइट', 'रोमँटिक कॉमेडी' आणि 'एस्केपिस्ट' असे तीन शब्द होते. मी लिहिलं, 'पलायनवादी वाचकांसाठी एक हलकी प्रणयकथा.'

हे वाक्य आत्यांना दाखवलं. वय ७४. अशी पुस्तकं त्यांच्याइतकी वाचलेलं आमच्या घरात दुसरं कोणी नाही. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, कूलरसमोर आडव्या होऊन दोन दिवसांत एक संपवतात. त्यांनी चष्मा काढला नि म्हणाल्या, "पलायन? मी कुठं पळाली? मी तर इथंच पडून राहिली!" मग 'हलकी'वर बोट ठेवलं, "हलकी म्हणजे? हलक्या घरची?" 'प्रणय'वर काहीच बोलल्या नाहीत, कागद घडी करून उशीखाली सरकवला. एका वाक्यात तिन्ही शब्द नापास. सुचवा काही.

शब्दवेडा_पुणे
'पलायनवादी' हा समीक्षेतला शब्द आहे, मलपृष्ठावर नकोच. 'वाद' जोडला की ती विचारसरणी होते, आणि दुपारी पुस्तक वाचणं ही विचारसरणी नव्हे. 'पलायनी वाचन' चालेल. जाता जाता : 'मी पळाली' नव्हे, 'मी पळाले'.

तर्रीपोहे
आली पुण्याची गाडी, वेळेच्या आधी! अहो, ७४ वर्षांच्या बाईच्या तोंडचं वाक्य आहे ते. आमच्याकडं बाया 'मी गेली, मी आली' असंच म्हणतात. माझी आजी म्हणे, आई म्हणते, आणि त्यांना मराठी येत नाही असं आजवर कोणी म्हटलं नाही.

शब्दवेडा_पुणे
बोलीत म्हणा की. प्रमाण लेखनाचं बोलतोय.

तर्रीपोहे
ती बोलूनच राहिली होती, लिहून नाही!

निवृत्त मास्तर
भांडण नंतर करा. आधी शब्द पाहू. पलायन म्हणजे 'परा' उपसर्ग आणि 'अय्' हा जाण्याच्या अर्थाचा धातू. तो पुढे आला की उपसर्गातल्या 'र'चा 'ल' होतो. पाणिनीचं सूत्रच आहे, 'उपसर्गस्यायतौ'. मुळात अर्थ नुसता 'दूर जाणं'. आपलं 'पळणे' त्यातूनच आलं. पण मराठीत 'पळ काढला', 'पळपुटा', 'पळवाट' हे सगळे शब्द लाजेचे. त्यामुळे आत्याबाईंचा राग रास्त आहे. पलायन रणातून होतं, कामावरून होतं. आडवं होऊन कोणी पलायन करत नाही.

आता गंमत पाहा. याच 'अयन'चा दुसरा शब्द आहे पारायण. पार अधिक अयन, म्हणजे पलीकडच्या काठापर्यंत जाणं, ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं. पलायनात माणूस मधूनच निघून जातो, पारायणात टोक गाठतो. चिमणीताई, आत्याबाई एकच पुस्तक पुन्हा वाचतात का?

धरमपेठची चिमणी
वाचतात! एक तर अकराव्यांदा चालू आहे. "अहो, शेवट माहीत आहे ना?" म्हटलं तर म्हणतात, "माहीत आहे म्हणूनच तर वाचून राहिली."

निवृत्त मास्तर
मग तुमचा प्रश्न सुटला. 'पारायणी वाचकांसाठी'.

ऊनसावली
मास्तर, एकदम पटलं. आमच्या वाड्यात गुरुवारी गजानन महाराजांच्या पोथीचं पारायण असायचं. एकवीस अध्याय. कोणत्या अध्यायात काय होतं ते सगळ्या बायांना पाठ. कोरड्या विहिरीला पाणी लागणार, हे ठाऊक असतं. तरी तो अध्याय आला की डोळ्यांत पाणी येतं. पुढं काय होईल याची काळजी नसली की आत्ता काय होतंय ते नीट दिसतं, मला तरी असंच वाटतं. या प्रेमकथांचंही तेच. पन्नासाव्या पानावर ती त्याच्यावर चिडली तरी आपल्या पोटात गोळा येत नाही. चिडते कशी, तेवढं पाहत बसायचं.

महालकर
माफ करा, पण पोथी कुठं आणि ही पुस्तकं कुठं! पारायणाला सोवळं असतं, संकल्प असतो, नैवेद्य असतो. लोळत वाचलेल्या प्रेमकथेला 'पारायण' म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे.

ऊनसावली
अपमान नाही जी, उपमा आहे.

महालकर
उपमासुद्धा तोलून द्यावी.

तर्रीपोहे
उपमा नको, पोहे द्या. तर्री मारून. 😄

जुनी लायब्ररीवाली
मी बोलू का? इतवारीत आमची भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी होती, आता बंद झाली. एकोणीस वर्षं मी त्या टेबलाशी बसली. (हो, बसली. पुणेकरांनी घ्यावं सांभाळून.)

कपाटांवर पाट्या होत्या : सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य, विनोदी. 'प्रणय' अशी पाटी लावायची हिंमत आमच्या सासऱ्यांची नव्हती. संस्कृतात प्रणय म्हणजे जिव्हाळा असेल, आमच्या गल्लीत त्याचा एकच अर्थ होता. त्यामुळे असली पुस्तकं 'सामाजिक'मध्ये, मागच्या रांगेत. पण मागायला येणाऱ्या बाया 'सामाजिक' म्हणत नसत, 'प्रेमकथा'ही म्हणत नसत. म्हणत, "गोड द्या." किंवा "रडकं नका देऊ." किंवा "डोक्स्याले ताप नाही असं काही आहे का?" मला या तीन मागण्या लगेच कळत. एक नर्सबाई होत्या, रात्रपाळीच्या. बरोबर दोन पुस्तकं न्यायच्या आणि दोन्हींचं शेवटचं पान तिथंच उभ्यानं उघडून पाहायच्या. मी एकदा म्हटलं, "मजा जाते ना." तर म्हणाल्या, "ताई, वॉर्डात शेवट माझ्या हातात नसतो. इथं तरी पाहून घेऊ द्या."

त्या बाईंना पलायनवादी म्हणणाऱ्यानं आधी एक रात्रपाळी करावी.

आणि एक सांगते. लोकांना वाटतं ही पुस्तकं लिहायला सोपी असतात. मुळीच नाही. वाचणाऱ्याला शेवट माहीत आहे, मग दोनशे पानं धरून ठेवायचं कशावर? मोठं संकट आणलं तर गोडी जाते. संकट आणलंच नाही तर पान उलटत नाही. गैरसमज खरा वाटला पाहिजे आणि एका सरळ वाक्यानं सुटण्याजोगाही असला पाहिजे, आणि ते वाक्य मात्र कोणी बोलता कामा नये. जमलेलं पुस्तक परत येई तेव्हा कोपरे गोल झालेले असत. न जमलेलं कोरंच्या कोरं.

शब्दवेडा_पुणे
'गोड' छान आहे, पण मलपृष्ठावर 'गोड कादंबरी' म्हणजे मिठाईचं दुकान. 'हलकीफुलकी' का नको? 'हलकी' एकटी असली की खटकते, जोडशब्दात ती धार जाते.

निवृत्त मास्तर
बरोबर. 'हलका' मुळात 'लघु'. प्राकृतात त्याचं 'लहु' झालं, मग अक्षरांची अदलाबदल होऊन 'हलु'. आपलं 'हळू'सुद्धा तेच. वजन कमी, इतकाच अर्थ. पण मराठीनं त्याचे दोन वाटे केले. 'हलकं वाटलं', 'हलका आहार' हे चांगलं. 'हलक्या कानाचा', 'हलकं काम' हे वाईट. पुस्तक कोणत्या वाट्यात जाईल ते बोलणाऱ्याच्या सुरावर.

बर्डीवाला
आणि 'फुलकं' म्हणजे फुलासारखं ना?

ऊनसावली
नाही हो, फुलका! तव्यावरचा. पातळ, टम्म फुगलेला. माझी आई म्हणायची, हलकाफुलका म्हणजे आत नुसती वाफ.

बर्डीवाला
म्हणजे या पुस्तकांचं बरोबरच वर्णन झालं म्हणायचं.

जुनी लायब्ररीवाली
भाऊ, फुलका फुगवता येतो का तुम्हाला?

बर्डीवाला
शब्द मागे घेतो.

रात्रीचा प्रवासी
एवढी ओढाताण कशाला? 'रोमकॉम' लिहा. सगळ्यांना कळतं. या प्रकाराचं मोठं दुकान इंग्रजीतच आहे. मिल्स अँड बून १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालं तेव्हा सगळ्या प्रकारची पुस्तकं काढत असे. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या तिथल्या लायब्रऱ्यांत प्रेमकथा खपतात हे दिसल्यावर तीसच्या दशकात त्याच धंद्यात स्थिरावलं. २००८ साली भारतातही आलं. वस्तू त्यांची, नावही त्यांचं घ्या.

महालकर
उद्या 'कादंबरी'ही सोडून द्या आणि 'नॉव्हेल' म्हणा!

निवृत्त मास्तर
महालकर, 'कादंबरी'चं नाव काढलंत म्हणून. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव, त्यावरून आपण सगळ्या प्रकाराला ते लावलं. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. आपण एका प्रेमकथेतल्या मुलीचं नाव उचललं. संस्कृतात कादंबरी म्हणजे मद्यसुद्धा. बाणाचा ग्रंथ अपुरा राहिला, मुलानं पुरा केला, आणि सुरुवातीलाच या दोन अर्थांवर श्लेष साधला : कादंबरीच्या रसानं सारे असे धुंद की कशाचंच भान नाही. भान हरपण्याची सोय नावातच आहे. तुम्ही नवा शब्द शोधताय कशाला?

महालकर
आधी पोथी, आता दारू. छान चाललं आहे.

तर्रीपोहे
मुद्दा काय, शब्दाचा अर्थ लोक ठरवतात. पुण्यात सांबार म्हणजे इडलीबरोबरचं, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्याला "दहाचा सांबार द्या" म्हटलं की तो डाळ आणून देत नाही.

शब्दवेडा_पुणे
ते मला खरंच आधी कळलं नव्हतं. नागपुरात एका लग्नात 'सांबारवडी' ऐकून मी वाटी घेऊन उभा होतो.

ऊनसावली
😂😂 वाटी घेऊन! अहो, तीच पुडाची वडी. आत कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, चारोळी. पारीला आतून चिंच-गुळाचा हात.

बर्डीवाला
पारी नुसत्या बेसनाची का मैदा घालून? आमच्याकडं यावरून दोन जावांत अबोला आहे.

जुनी लायब्ररीवाली
थोडा मैदा लागतो, नाही तर तळताना उकलते.

धरमपेठची चिमणी
मंडळी, माझं मलपृष्ठ! परवा द्यायचं आहे. 😭 'विरंगुळा' कसा वाटतो? 'चार निवांत घटकांचा विरंगुळा'?

रात्रीचा प्रवासी
विरंगुळा म्हटलं की मला बाग, सिमेंटचं बाकडं आणि 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र' अशी पाटी दिसते. तिशीतल्या मुलीनं पुस्तक उचलावं असं वाटत असेल तर नको.

जुनी लायब्ररीवाली
मग साधं 'करमणूक' का नाही? ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नावच 'करमणूक'. आणि त्यात पहिल्यांदा काय छापलं? 'पण लक्षात कोण घेतो'. यमूचं वैधव्य, केशवपन, सगळं. 'करमणूक' नावाखाली लोकांनी ते वाचलं आणि रडले. तेव्हा या शब्दाला कोणी कमी लेखत नव्हतं. 'फक्त करमणूक' असं नाक मुरडणं नंतरचं असावं.

शिवाय 'करमणे' आपण रोज बोलतो. नवीन सून माहेरी फोन करते, "आई, करमून नाही राहिलं." तिला पळायचं नसतं, त्याच घरात जीव रमवायचा असतो.

शब्दवेडा_पुणे
हे मात्र पटलं. पण 'करमणूकप्रधान' म्हटलं की सिनेमाची जाहिरात वाटते.

महालकर
'मनोविनोद'?

तर्रीपोहे
तो तर आमच्या शाळेतला शिपाई होता.

निवृत्त मास्तर
मी 'पारायणी'वर ठाम आहे.

महालकर
आणि मी विरोधावर.

धरमपेठची चिमणी
आत्यांनाच विचारलं शेवटी. "तुम्ही या पुस्तकांना काय म्हणता?" म्हणाल्या, "माझी पुस्तकं म्हणते. तुझी वेगळी, माझी वेगळी." मग उशीखालचा माझा कागद काढून दिला. तिन्ही शब्द खोडले होते आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'दोन शेजारी, एक कुत्रा. शेवट चांगला आहे.' प्रकाशकांना पाठवलं आहे. ते म्हणतात, प्रकार कोणता ते तरी लिहा, दुकानदार पुस्तक कुठल्या खणात ठेवणार? म्हणजे पुन्हा तिथंच.

जुनी लायब्ररीवाली
सामाजिक. मागची रांग.

बर्डीवाला
ऊनसावलीताई, वडीतली खसखस भाजून घालायची का कच्ची? उद्या पाहुणे आहेत.