कडेची बदकं एक डोळा उघडा ठेवून झोपतात, हे गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर कसं तपासायचं?

तळ्याकाठी
नववीच्या मुलांचा विज्ञान प्रकल्प आहे. थव्याच्या कडेला झोपणारं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं आणि मेंदूचा एकच भाग झोपवतं, असं वाचनात आलं. करमळीला अडई बदकांवर हे तपासता येईल का? जवळ ८x४२च्या दुर्बिणी आणि एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) आहे. नोंद कशी घ्यायची, फसगत कुठे होते? शिवाय डॉल्फिनही अर्ध्या मेंदूने झोपतात म्हणे, तर सिकेरीच्या बोटीच्या डॉल्फिन फेरीत मुलांना हेच दाखवता येईल का?

पाणपाखरू
अडई निवडलीत ते बरं केलंत. ती रात्री चरते आणि दिवसा थव्याने विसावते, त्यामुळे शाळेच्या वेळेत झोपलेली सापडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

दुर्बिणीने थवा मोजा, डोळे नकोत. डोळ्यासाठी स्कोपच हवा, निदान ३०x (तीसपट) वर, तिपाई खाली बसवून. सकाळी दहाच्या आत काम उरका, पुढे पाण्यावरची हवा थरथरते आणि सगळेच डोळे अर्धवट दिसू लागतात. सूर्य पाठीशी ठेवा. अडईचा डोळा गडद, भोवती पिवळसर कडं. मधला काळा ठिपका स्पष्ट दिसला तरच ‘उघडा’ लिहायचं, नुसतं कडं पाहून ठरवू नका. तिसरी पापणी क्षणभर आडवी सरकते, ते डोळा मिटणं नव्हे.

एक नजर टाकून नोंद करू नका. झोपलेलं बदक मधूनच डोळा किलकिला करून पाहतं. एका बदकावर एक मिनिट थांबा, दर ५ सेकंदांनी ‘उघडा’ किंवा ‘मिटलेला’ अशी खूण करा. म्हणजे प्रत्येकी १२ खुणा होतील. एकाने स्कोपला डोळा लावायचा, दुसऱ्याने घड्याळ पाहून ‘आता’ म्हणायचं, तिसऱ्याने लिहायचं. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली किंवा मान आखडून स्थिर असलेलीच बदकं घ्या. पिसं साफ करणारं बदक जागं असतं.

खरी गोम पुढेच आहे. आडव्या बसलेल्या बदकाचा तुम्हाला एकच डोळा दिसतो. तो मिटलेला असेल तर पलीकडचा उघडा आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ‘एक डोळा उघडा’ असा रकानाच ठेवू नका. त्याऐवजी असा विचार करा: थव्याच्या अलीकडच्या कडेवरच्या बदकाचा दिसणारा डोळा बाहेरचा असतो, पलीकडच्या कडेवरच्याचा आतला. दोन्ही कडांच्या खुणांची तुलना करा आणि मधली बदकं ताळ्यासाठी घ्या. तिन्ही गटांत ३०-३० बदकं झाली की प्रकल्पापुरतं पुरे.

आलेख_फोंडा
पद्धत चांगली, पण तिच्यात एक भोक आहे. अलीकडची बदकं तुमच्याकडेच बघत असतील तर? माणूस हाच धोका. मग अलीकडच्या कडेला उघडे डोळे जास्त मिळतील आणि मुलं ‘सिद्ध झालं’ म्हणून मोकळी होतील. तोच थवा समोरासमोरच्या दोन काठांवरून पाहायला हवा. ते जमत नसेल तर निदान आडोशाला बसा आणि पहिली २० मिनिटं काहीच लिहू नका.

वाराही नोंदवा. वाऱ्याला बहुतेक थवा एकाच दिशेला तोंड करतो. तोंड तुमच्याकडे किंवा पाठ तुमच्याकडे असलेली बदकं सोडून द्या. स्टेशन तळ्याला लागूनच आहे. गाडी गेली, घार डोक्यावरून फिरली, की पुढची १० मिनिटं बाद.

आणि शीर्षकात ‘मेंदू’ लिहू नका, ‘डोळ्यांची स्थिती’ लिहा. रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅलार्ड बदकं चार-चारच्या रांगेत ठेवून मेंदूचे विद्युत्-आलेख घेतले होते, म्हणून त्यांना म्हणता आलं की कडेच्या बदकांत अर्ध्या मेंदूची झोप १५० टक्क्यांनी जास्त असते. पक्ष्यांत डोळ्यांच्या नसा जवळजवळ पूर्ण ओलांडून जातात, म्हणून डावा डोळा उघडा तर उजवा भाग जागा, हे बदकांत बऱ्यापैकी जुळतं. शहामृग मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून गाढ झोपेत असू शकतो. डोळा पाहून मेंदू ओळखण्याची हद्द तिथे संपते.

खाडीमुख
डॉल्फिनचं उत्तर: दाखवता येणार नाही. आपल्या किनाऱ्याला बोटीवरून दिसतो तो बहुतेकदा हम्पबॅक डॉल्फिन. पाठ आणि पर दिसतो, डोळा क्वचितच. विसावणारा गट ओळखता येतो तो चालीवरून: सगळे एकमेकांना बिलगून, संथ, जवळजवळ एकाच वेळी वर येतात, उड्या नाहीत, माशांचा पाठलाग नाही. आणि बोट जवळ गेली की तेवढंही मोडतं. म्हणजे पर्यटक जो ‘शो’ बघतात त्यात बऱ्याचदा विसावा उधळलेला असतो.

वर्गात सांगायला मात्र मजेदार तुलना आहे. डॉल्फिनमधली अर्ध्या मेंदूची झोप मुखामेतोव आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये बॉटलनोज डॉल्फिनवर दाखवली. श्वास घ्यायला वर यावं लागतं म्हणून, असं कारण सर्रास दिलं जातं. पण एलिफंट सीललाही हवा लागते, आणि तो श्वास रोखून खोल पाण्यात मेंदूच्या दोन्ही भागांनी झोपतो. त्यामुळे श्वास हे एकमेव कारण मला पटत नाही. पाळतीचाही वाटा असावा. गोली यांनी १९९९ मध्ये बंदिस्त पॅसिफिक पांढऱ्या कुशीच्या डॉल्फिनमध्ये पाहिलं की उघडा डोळा सोबत्यांच्या बाजूला असतो, आणि जागा बदलली की डोळाही बदलतो. कडेचं बदक बाहेर बघतं, हे डॉल्फिन आत बघतात.

तळ्याकाठी
दोन काठांचं पटलं. एकच स्कोप आहे, मग दोन्हीकडून एकाच सकाळी कसं करायचं?

पाणपाखरू
एकाच सकाळी नको. दुसऱ्या काठावर पोचेपर्यंत ऊन चढतं आणि थवा हलतो. दोन लागोपाठच्या सकाळी, तीच वेळ, वारा साधारण तोच असेल तर. प्रत्येक पानावर काठ, वेळ आणि थव्यापासूनचं अंदाजे अंतर लिहा. अंतर दोन्हीकडे सारखं नसेल तर तुलना करू नका, कारण लांबून उघडे डोळे कमीच मोजले जातात.