टॉवर बी मराठी मंडळी (मिसिसागा) – मंगळवार, १ जुलै २०२५

देवा १४०२: कॅनडा डेच्या शुभेच्छा. आपल्या लीफ्सचा (टोरंटोची आइस हॉकी टीम) मार्नर वेगासच्या टीमकडे गेला. आमच्याकडे सुतक आहे, कृपया बेल वाजवू नये.

देवा १४०२: चिरंजीव रात्री मार्नरची १६ नंबरची जर्सी घालूनच झोपला. सकाळी बघतो तर उलटी घातलीय, मागची बाजू पुढे. नाव पोटावर. म्हणे आता मागून कोणाला वाचता येणार नाही.

रसिका ३०९: अरे देवा 😀 बिचारा

नाना ६०४: १९६७. लीफ्सचा शेवटचा कप.

अभ्या ८०५: मार्चमध्ये ट्रेडला मार्नरने हो म्हटलं असतं तर आज त्याच्या बदल्यात रँटानेन आपल्याकडे असता. एवढंच बोलतो.

मीनावहिनी ११०१: सर्वांना नमस्कार. रविवारी ६ तारखेला बार्बेक्यू आहे. कोण काय आणणार ते आज संध्याकाळपर्यंत लिहावे. आत्तापर्यंत फक्त दोघांनी लिहिले आहे. दोघेही चिप्स आणणार आहेत.

बंटी २०७: बदल्यात कोण आला पण?

देवा १४०२: निकोला रॉय.

बंटी २०७: बंगाली आहे का?

देवा १४०२: क्यूबेकचा रे. उच्चार रुआ.

बंटी २०७: रुआ का कोण तो. ६५७ मॅचमध्ये ७४१ पॉइंट करणारा माणूस देऊन हा घेतला? गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

रसिका ३०९: बंटी, मुळात काहीच मिळणार नव्हतं. आज दुपारी १२ वाजता खेळाडूंचा बाजार उघडला की करार संपून तो मोकळाच होता. स्वतःच्या टीमला आठ वर्षांचा करार करता येतो, परक्या टीमला सातच. म्हणून आधी लीफ्सनी सही घेतली आणि मग ट्रेड केला. त्या आठव्या वर्षाची किंमत म्हणजे रुआ. फुकट जाण्यापेक्षा बरं.

बंटी २०७: आठ वर्षं म्हणजे किती झाले?

रसिका ३०९: वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. एकूण ९ कोटी ६० लाख. आणि नेवाडात राज्याचा इन्कम टॅक्स शून्य.

मीनावहिनी ११०१: आमच्या आई विचारत आहेत, एवढे पैसे मिळूनही मुलगा नाराज होऊन गेला का? इथलं घर विकणार का?

नाना ६०४: मी १९७४ ला इथे आलो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातला एक जण म्हणाला, नेक्स्ट इयर फॉर शुअर. तो रिटायर झाला. मी रिटायर झालो.

अभ्या ८०५: मार्चमध्ये हो म्हटलं असतं तर रँटानेन आला असता. डॅलसला जाऊन त्याने सातव्या मॅचमध्ये तिसऱ्या पिरियडला हॅटट्रिक मारली. आणि आपला?

रसिका ३०९: अभ्या, नो-मूव्ह क्लॉज (त्याच्या होकाराशिवाय ट्रेड नाही) त्याला टीमनेच दिला होता. वापरला तर गुन्हा? चोर सोडून संन्याशाला फाशी. गेल्या सीझनला १०२ पॉइंट केलेत त्याने. आपला कॅप्टन मॅथ्यूज ६९ गोलांवरून ३३ वर आला, त्याबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही.

देवा १४०२: मॅथ्यूजला दुखापत होती. नोव्हेंबरात जर्मनीला जाऊन उपचार घेऊन आला. अंग साथ देत नसताना खेळला तो.

रसिका ३०९: मान्य. मग स्टोलार्झचंही बोला. प्लेऑफमध्ये फ्लोरिडाविरुद्ध पहिलीच मॅच, त्यांच्या बेनेटचं कोपर डोक्याला, साधी पेनल्टीसुद्धा नाही. तिथून गोलकीपर गेला तो गेलाच. तरी आपण २-० पुढे होतो. तिसरी ओव्हरटाइमला त्यांच्या मार्शंडने मारली आणि येरे माझ्या मागल्या.

बंटी २०७: मार्शंडचं नाव सकाळी सकाळी घेऊ नका. बोस्टनकडून चारदा सातव्या मॅचमध्ये रडवलं, तिकडून सुटला म्हणून सुस्कारा सोडला तर फ्लोरिडाकडून पाचव्यांदा.

देवा १४०२: ती सातवी मॅच. ६-१. घरच्या बर्फावर. लोक जर्स्या काढून आत फेकत होते.

मीनावहिनी ११०१: त्या मॅचचा विषय निघालाच आहे म्हणून. १८ मेला पार्टी रूम माझ्या नावावर बुक होती. कार्पेटवर कोक सांडल्यामुळे १०० डॉलर डिपॉझिट परत मिळालेले नाही. कोणाचे नाव घेत नाही.

अभ्या ८०५: वहिनी, चौथा गोल झाला तेव्हा माझ्या हाताला मागून धक्का लागला. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

बंटी २०७: मागे मी होतो. मी हललोही नाही. मला तेव्हा हलवतच नव्हतं.

मीनावहिनी ११०१: ठीक आहे. शंभर डॉलरने कोणी गरीब होत नाही. 🙏

नाना ६०४: मीनाताई, रविवारी आषाढी एकादशी आहे. बार्बेक्यू कसलं करताय?

मीनावहिनी ११०१: नाना, तारीख तीन आठवड्यांपूर्वी ग्रुपवर टाकली होती. तुम्ही अंगठा दाखवला होता.

नाना ६०४: तो चुकून लागला.

रसिका ३०९: शनिवारी करूया मग?

मीनावहिनी ११०१: शनिवारी ग्रिल टॉवर ए कडे आहे. नवीन तारीख ज्यांना हवी त्यांनी ऑफिसला जाऊन विचारावे.

बंटी २०७: रविवारीच करा. ग्रिलवर रताळी भाजू. सगळेच खूश.

देवा १४०२: रताळी मस्त लागतात खरं तर. पण मला एक सांगा, पुढच्या सीझनला आपण प्लेऑफला जाणार ना? टाव्हारेसने वर्षाला ४३ लाख ८० हजार डॉलरवर सही केली, म्हणजे जवळपास घरचं कार्य म्हणून राहिला. नाइज सहा वर्षांसाठी बांधला. टीमच्या एकूण पगारावरची कॅपसुद्धा ९ कोटी ५५ लाखांवर गेलीय.

रसिका ३०९: जाऊ रे. डिव्हिजन जिंकणारी टीम आहे, १०८ पॉइंटवाली. पण उजव्या विंगला मॅथ्यूजला पास देणार कोण? तो जो पास डोळे मिटून यायचा ना, तो कॅपमध्ये जागा झाली म्हणून दुकानात मिळत नाही. आणि बेनेट, मार्शंड दोघेही फ्लोरिडातच राहिलेत.

अभ्या ८०५: रँटानेन असता तर हा प्रश्नच

बंटी २०७: अभ्या!!!

रसिका ३०९: अभ्या, तू फक्त रताळी आण. दोन किलो.

अभ्या ८०५: आणतो. कोक नाही आणत.

मीनावहिनी ११०१: 😀 बरं. रताळी – ८०५. चिप्स आता कोणी लिहू नये.

देवा १४०२: अपडेट. पोरगा खोलीतून बाहेर आला. जर्सी सरळ घातलीय. स्टिकला गुंडाळायची टेप घेऊन नावावर तीन पट्ट्या मारल्यात, म चा कोपरा... सॉरी, एम चा कोपरा अजून दिसतोय. नंबर मात्र उघडाच ठेवलाय. म्हणे १६ पुढे कोणीतरी घेईलच.

नाना ६०४: टेप कुठली? माझ्या वॉकरच्या मुठीला हवी आहे.