जर्मनीत एमएस करायचे तर घरच्यांनी आधी काय हाती घ्यावे?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार. माझी धाकटी बहीण नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जायचे आहे. वडील शेती करतात. कापूस आणि सोयाबीन ही दोनच पिके. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. छत्रपती संभाजीनगरात आजोबांनी घेतलेल्या गुंठेवारीतल्या (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटवर आमचे लहानसे घर आहे आणि त्याची कागदपत्रे अजून आजोबांच्याच नावावर आहेत. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली.

एका सल्लागाराने सांगितले की, खाजगी विद्यापीठात लगेच प्रवेश मिळतो, आणि घरी सातबारा असल्यावर कर्जाची काळजी करण्याचे कारण नाही. बहिणीला मात्र सरकारी विद्यापीठच हवे आहे. आमच्या घरात परदेशी शिक्षणाची ही पहिलीच वेळ असल्याने विद्यापीठे शोधणे, बँक आणि कागदपत्रे यांपैकी कोणते काम आधी सुरू करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त शाखाधिकारी (जालना)

सर, सातबाऱ्याविषयी तुम्हाला जे सांगितले गेले आहे, त्यावर विसंबून राहू नका. सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जाचे तारण बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील तारणाला त्या कायद्याची वसुलीची तरतूद लागू होत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा तयार नसतात, मग ती कितीही बागायती असो. पीककर्जाला जो सातबारा चालतो, तो इथे फार तर वडिलांच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असावे लागतात. तुमचा पगार असल्याने तुम्हीही सहकर्जदार व्हावे. परदेशी शिक्षणासाठी साधारण १५ टक्के रक्कम कुटुंबाला स्वतः घालावी लागते. साडेसात लाखांच्या वर गेलात की घर, अकृषिक प्लॉट, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी असे काहीतरी तारण द्यावे लागते, आणि तुमच्या बाबतीत खरे काम तिथेच आहे. संभाजीनगरचे घर तारण ठेवायचे तर आधी वारसांची नोंद झाली पाहिजे. आत्या, काका असे जे कोणी कायदेशीर वारस असतील त्यांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. त्यानंतर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट महानगरपालिकेकडून नियमित करून घ्यावा लागेल. हे सगळे झाल्यावर बँकेचे वकील मागील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजा यांच्या नोंदींची तपासणी) काढतात आणि मूल्यांकन होते. मुलांना परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात पडलेले असते आणि इकडे आत्याबाईंची सही राहिलेली असते, असे प्रसंग मी नोकरीत वारंवार पाहिले आहेत. म्हणून माझे मत असे की, बहिणीने विद्यापीठांची यादी करायला घेण्यापूर्वी तुम्ही वारस नोंदीचा अर्ज द्यावा.

आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना भारतातील निवडक संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांसाठीच आहे. तिचे नाव आणि विद्यालक्ष्मी पोर्टलचे नाव सारखे असल्याने पुष्कळ पालक घोटाळ्यात पडतात. पोर्टलवरून परदेशी शिक्षणाच्या कर्जासाठीही अर्ज करता येतो. खाजगी वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी रक्कम देतात. त्यांचे व्याज सरकारी बँकांपेक्षा चढे असते, तेव्हा तो शेवटचा मार्ग समजावा.

माजलगावची, सध्या माग्देबुर्ग

दादा, काकांनी पैशाची बाजू सांगितली, मी इकडची सांगते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, फक्त दर सत्राला साधारण १०० ते ४०० युरो अंशदान भरावे लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. खाजगी विद्यापीठांचे शुल्क तर हजारो युरोंत असते, आणि त्यांतील अनेक विद्यापीठे सल्लागारांना विद्यार्थ्यामागे दलाली देतात. तुम्हाला खाजगी विद्यापीठच का सुचवले गेले असावे, याचा अंदाज तुम्ही बांधू शकाल.

शुल्क नसले तरी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर जवळजवळ बारा लाख. ती आपलीच असते आणि इथे आल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे परत मिळत जाते. म्युनिकमध्ये एवढ्यात भागवणे अवघड आहे, माग्देबुर्ग किंवा केम्निट्झसारख्या पूर्वेकडील शहरांत घरभाडे कमी असल्याने जमते. शिवाय १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याची पडताळणी) सक्तीचे आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये.

आता सर्वांत महत्त्वाचे, ज्याबद्दल आपल्या भागात कोणी बोलत नाही. जर्मन विद्यापीठे आपले गुण तथाकथित बव्हेरियन सूत्राने बदलून घेतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. समजा बहिणीचा सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी) दहापैकी ७.१ आहे. उत्तीर्णतेची किमान श्रेणी ४ धरली तर उत्तर २.४५ येते, ५ धरली तर २.७४. पुष्कळ अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, म्हणजे गुण तेच असूनही एका हिशेबात ती पात्र ठरते आणि दुसऱ्यात बाद. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे किमान श्रेणी छापलेली नसेल, तर विद्यापीठाकडून तसे स्पष्ट लेखी प्रमाणपत्र आताच घ्यावे. त्याच फेरीत सर्व विषयांच्या अभ्यासक्रमाची शिक्कामोर्तब झालेली प्रत घ्यावी, कारण गणित, थर्मोडायनॅमिक्स, यंत्रशास्त्र यांचे किती क्रेडिट झाले, हे इथे विषयवार तपासतात. महाविद्यालय लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असेल तर ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) तिकडून येते, नांदेडमधून नाही. त्या वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा.

एक पालक (लातूर)

वरील माहिती उपयुक्त आहे, परंतु इतकी घाई कशासाठी, हे मला समजले नाही. शेवटच्या सत्राचा निकाल जून-जुलैत लागणार आणि परदेशी अर्जदारांसाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत मार्च ते १५ जुलै यांदरम्यान संपते. त्याच ऑक्टोबरला, म्हणजे तिथले हिवाळी सत्र सुरू होताना, पोहोचण्याचा हट्ट धरला की मुले मिळेल तिथे प्रवेश घेतात, आणि खाजगी विद्यापीठांचे फावते ते याच घाईमुळे. मुलीने एक वर्ष पुण्यात किंवा वाळूजला नोकरी करावी आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा ऑनलाइन जर्मन शिकावे. इंग्रजीतून एमएस होईल, पण मेकॅनिकलची नोकरी तिथल्या कारखान्यात जर्मनशिवाय मिळणे कठीण. एक वर्ष वाया गेले असे शेजारीपाजारी म्हणतील, म्हणू द्यावे.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वारसांत दोन आत्या आहेत, एक हिंगोलीला आणि एक हैदराबादला. दोघींशी या आठवड्यात बोलतो. वर्षभर थांबण्याचा विचार बहिणीला पटलेला नाही, परंतु गुणांचे सूत्र पाहून ती जरा शांत झाली आहे. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीचा तिला काही उपयोग होईल का?

माजलगावची, सध्या माग्देबुर्ग

तुमच्या प्रवर्गासाठी कोणती योजना आहे, ते आधी पाहा. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची, आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी. मात्र या योजनांत क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतील स्थानाची अट असते आणि इथे एक पेच आहे: स्वस्त शहरांतील माग्देबुर्ग किंवा केम्निट्झसारखी विद्यापीठे त्या क्रमवारीत बरीच खाली आहेत, तर आखेन, बर्लिन, कार्ल्सरुह इथली तांत्रिक विद्यापीठे वर आहेत पण तिथे स्पर्धा तीव्र आहे. तेव्हा तिने दोन याद्या कराव्यात, शिष्यवृत्ती मिळाली तर कुठे आणि न मिळाली तर कुठे, आणि दोन्हींत अर्ज करावेत. युनि-असिस्टमार्फत (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढील प्रत्येकाला ३० युरो लागतात, त्यामुळे यादी फार लांबवू नये.

निवृत्त शाखाधिकारी (जालना)

सर, हैदराबादच्या आत्यांचे हक्कसोडपत्र करायचे तर त्यांना नोंदणीसाठी संभाजीनगरला दुय्यम निबंधकाकडे यावे लागेल. प्रवास जमत नसेल तर त्यांनी तिकडेच मुखत्यारपत्र नोंदवून ते तुमच्याकडे पाठवावे. आणि बहिणीचा पासपोर्ट काढताना नावाकडे लक्ष द्या. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो. दोन्हींतील स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. दहावीच्या प्रमाणपत्रावर काही फरक असेल तर तो मंडळाच्या विभागीय कार्यालयातून आधी दुरुस्त करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा.