कायद्यातला मोघमपणा: हत्यार की गरज?

कूळकायदा (धागाकर्ता):
माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं पडेल. ज्या कलमाखाली माणूस आत जाऊ शकतो, त्या कलमात गुन्हा कशाला म्हणायचं हे नेमकं लिहिलेलं असावं. नसेल तर कलम फाडून टाकावं. करारात, राज्यघटनेत, कवितेत मोघमपणा चालेल, तिथं माझी तक्रार नाही.

उदाहरण माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६अ चं. त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष अशी लांबलचक माळ, वर 'अतिशय आक्षेपार्ह' मजकूर वेगळा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गैरसोयीसाठी तीन वर्षं! नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. शेवटी २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कलमच रद्द केलं.

माजी_मुन्सफ:
उदाहरण चोख, निष्कर्ष घाईचा. शिवाय कलम पूर्ण वाचा. माळेतल्या शब्दांच्या उपकलमाला अटी होत्या: माहिती खोटी आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक हवं, आणि ती सातत्यानं पाठवलेली हवी. पोलीस ठाण्यात त्या कुणी वाचल्या? म्हणजे नेमके शब्द होते तरी उपयोग झाला नाहीच.

आता आपल्याच राज्यातला एक निकाल घ्या. डान्सबारवरचा २०१६ चा कायदा. बारवाले म्हणाले, यातली 'अश्लील नृत्या'ची व्याख्या मोघम आहे. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही, ती पुरेशी स्पष्ट आहे. पण परवाना मागणाऱ्याचं 'चारित्र्य चांगलं' हवं, ही अट मोघम म्हणून उडवली. आणि सगळ्यात नेमकी अट कोणती होती? शाळा-कॉलेज किंवा प्रार्थनास्थळापासून किमान एक किलोमीटर अंतर. मोजपट्टी लावून तपासता येईल अशी. तीही उडाली, कारण मुंबईत अशी जागा सापडणारच नाही. सरकारला बंदी घालता येत नव्हती, म्हणून आकडा घातला. मोघम शब्दानं जेवढी मनमानी होते तेवढीच नेमक्या आकड्यानंही करता येते, आणि आकडा दिसायला सोज्वळ असतो.

तिरपागडे:
मिलेटसचा युबुलिडीस नावाचा ग्रीक हे कोडं घालून गेलाय. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग ढीग संपतो कुठं? कूळकायदा यांना बहुतेक 'ढीग म्हणजे किमान ४,३१२ दाणे' असं राजपत्रात छापून हवंय. ४,३११ वाला निर्दोष.
(चालू द्या, मी बसलोय.)

कूळकायदा:
@तिरपागडे, अठरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस कमी असलेल्याला मत देता येत नाही. कुणी रडत नाही. रेघ कुठंतरी मारावीच लागते, आणि ती आधी मारलेली बरी.

@मुन्सफसाहेब, किलोमीटरची अट वाईट होती हे मान्य, पण तिचा वाईटपणा कोर्टात एका झटक्यात दाखवता आला. नकाशा पसरला की विषय संपला. 'अतिशय आक्षेपार्ह' हा शब्द वाईट आहे हे दाखवायला पालघर व्हावं लागलं. श्रेया सिंघल निकालात दोन इंग्लिश खटले दिलेत. एकात शेवटच्या न्यायालयानं मजकूर अतिशय आक्षेपार्ह ठरवला, खालच्यांना तसं वाटलं नव्हतं. दुसऱ्यात एका ट्वीटला खालच्यांनी धमकी म्हटलं, वरच्यांनी ते मानलं नाही. मजकूर तोच, कायदा तोच, न्यायाधीशांची मतं उलटसुलट. मग रात्री अकरा वाजता तक्रार घेणाऱ्या हवालदारानं काय ठरवायचं? आणि कलम रद्द झाल्यावरही पोलीस ते लावतच राहिले, इतकं की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर आश्चर्य आणि संताप व्यक्त केला. कलम मेलं तरी सवय मेली नाही.

माजी_मुन्सफ:
मेलेलं कलम लावतात त्याला भाषा काय करणार! तो रोग ठाण्याचा आहे, शब्दकोशाचा नाही.

शब्दवेल्हाळ:
कवितेत मोघमपणा चालेल म्हणालात, पण कवितेवर कलम लागतं तेव्हा दोन्ही मोघमपणे एकमेकांना भिडतात, ते कुणी बघायचं?

वसंत दत्तात्रेय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंतर्गत पत्रिकेत आली. अश्लीलतेचा खटला भरला. एकवीस वर्षांनी, मे २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं संपादकांना मोकळं केलं (त्यांनी तेव्हाच माफी छापली होती) आणि कवीवरचा आरोप मात्र ठेवला. कारण काय, तर इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी तशी भाषा घातली की अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते. आदरणीय कोण, किती वर्षांपूर्वीचा, कुणी ठरवायचं? तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये (अश्लीलतेचं कलम) असा शब्दच नव्हता. त्या कवितेतला गांधी खरा गांधी नव्हेच, तो ज्याच्या त्याच्या सोयीचा गांधी आहे, आणि हे ती कविता सरळ सांगत नाही. सरळ सांगितलं असतं तर ती कविता झाली नसती. मी पूर्णपणे कूळकायदा यांच्या बाजूची.

माजी_मुन्सफ:
ताई, तो निकाल मलाही पटलेला नाही. पण त्याच कलमाची दुसरी कथा ऐका. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयानं ती अश्लील ठरवली, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखकाला सोडलं, आणि सोडताना म्हटलं की अश्लील काय हे त्या त्या काळच्या समाजावर अवलंबून असतं. 'अश्लील' हा शब्द सैल होता म्हणूनच हे म्हणता आलं. १८६० साली साहेबानं अश्लील गोष्टींची नेमकी यादी करून ठेवली असती तर दिवाळी अंकातल्या मराठी कथेला व्हिक्टोरिया राणीच्या पट्टीनं मोजलं असतं. सैल शब्दानं तुमच्या कवीला अडकवलं आणि काकोडकरांना सोडवलं.

निर्मोही:
फाशीचं काय? 'विरळातल्या विरळ' प्रकरणात फाशी, असं १९८० च्या बच्चन सिंग निकालात ठरलं. विरळ म्हणजे किती? न्या. भगवतींनी विरोधी मत दिलं होतंच, की निवड लहरीवर जाते. माणसाचा जीव असल्या शब्दावर?

माजी_मुन्सफ:
नेमकं हवंय? होतं की. भारतीय दंड संहितेचं ३०३: जन्मठेप भोगणाऱ्यानं खून केला की फाशी, न्यायाधीशाला पर्यायच नाही. 'जर' नाही, 'विरळ' नाही. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, कारण परिस्थिती बघायला जागाच ठेवली नव्हती.

कूळकायदा:
धागा पुन्हा वाचा. गुन्हा कोणता हे नेमकं असावं, असं मी लिहिलंय. शिक्षा किती, हे न्यायाधीशानं माणूस बघून ठरवावं. ३०३ गेलं ते बरंच झालं.

माजी_मुन्सफ:
ठीक. मग गुन्ह्याचंच बोलू. दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मधला (निष्काळजीपणानं मृत्यू) 'निष्काळजीपणा' नेमका लिहून दाखवा. एसटीचा ड्रायव्हर, भूल देणारा डॉक्टर आणि परांची बांधणारा ठेकेदार, तिघांना लागू पडेल असा.

कूळकायदा:
तिघांना एकच वाक्य कशाला? डॉक्टरांपुरतं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं वेगळं सांगितलंच: निष्काळजीपणा घोर हवा, खटल्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, सरसकट अटक नको. म्हणजे नुसत्या 'निष्काळजीपणा'वर भागत नाही हे कोर्टाला कळलं. विधिमंडळ आणि संसद हे ठेकेदारासाठी आणि ड्रायव्हरसाठी लिहीत का नाहीत, एवढंच माझं भांडण आहे. लिहायला पगार मिळतो त्यांना.

तिरपागडे:
शेवटच्या वाक्याला +१. ढीगभर.