सोसायटी ग्रुप: लाल चादर कुणाची?

सुनंदा, बी २०३ (स. ८:५२): टेरेसवर माझ्या कापडाला चिकटून लाल चादर कुणी वाळत घातली आहे? उत्तर पाहिजे. आत्ता.

सुनंदा: [फोटो]

सुनंदा: कापड म्हणजे पायपुसणं नव्हे. मंगलच्या साठीला द्यायचं भरतकाम आहे, फुलीच्या टाक्याचं. रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ. रविवारी मिरजेला न्यायचंय. रात्री धुऊन दोरीवर टाकलं, सकाळी बघते तर डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या भागावर गुलाबी पसरलंय.

विक्रम, ए १०४: पांढऱ्यात तांबडा सांडला म्हणायचं 😄

सुनंदा: विक्रम, आज नको.

विक्रम: सॉरी काकू.

देशपांडे सर, ए ३०१: टेरेसची चावी सध्या कोणाकडे आहे? वहीत नोंद नाही.

वैशाली, सी २०२: काकू, वाळू देऊ नका! लगेच गार पाण्यात बुडवा. पाणी गुलाबी झालं की ओतून नवं घ्या, स्वच्छ येईपर्यंत. चोळू नका, पिळू नका, ब्लीच नको. आणि इस्त्रीला हात लावू नका, गरम लागलं की डाग पक्का बसतो.

सुनंदा: अर्धं वाळलंय गं.

वैशाली: असू दे, परत भिजवा.

जोशी वहिनी, ए २०२: पण नवीन वस्तू धुतली कशाला?

सुनंदा: घरं आखायला पाण्याने जाणारं पेन वापरलं होतं. ते धुवावंच लागतं वहिनी.

शिंदे, सी ४०१: लाल रंग चादरीचाच कशावरून? तुमच्याच दोऱ्याचा गेला असेल. भरतकामाचे दोरे रंग सोडतात.

सुनंदा: अँकर कंपनीच्या दोऱ्याच्या लड्या आहेत, महाद्वार रोडवर उजेडात धरून निवडलेल्या. चित्रात लाल आहे कुठं? दगडाचे करडे, पाण्याचे हिरवे. लाल फक्त मंगलचा पदर. आम्ही दोघी काठावर बसलोय ना, तिथं. ११ फुल्या. नखाएवढ्या लालातून एवढा मोठा डाग पडतो का?

शिंदे: पण लाल आहे म्हणजे.

जोशी वहिनी: असली चित्रं ऑनलाइन तयार मिळतात की हो. एवढा डोळ्यांना त्रास कशाला?

सुनंदा: १४ काउंटचं आयडा कापड म्हणजे इंचाला १४ घरं. ८४ बाय ११२ घरं, म्हणजे ६ बाय ८ इंचांचं चित्र. ९,४०८ फुल्या. वर आभाळाची पट्टी मोकळी सोडलीय, ती वजा करा. तयार कुठं मिळतं ते मलाही सांगा.

विक्रम: एका फुलीला दोन टाके. १८,८१६. नाद खुळा काकू 🙏

देशपांडे सर: पुन्हा विचारतो. टेरेसची चावी सध्या कोणाकडे आहे?

आक्का, बी १०१: सुनंदा मागची बाजू दाव. गाठी मारल्यास काय

सुनंदा: नाही आक्का. दोऱ्याच्या सहा पदरांतला एकच दुमडून घेते, दोन्ही टोकं सुईत ओवते आणि पहिला टाका घालून परत खाली येताना मागच्या फाशातून सुई काढते. गाठीचं कामच नाही. [फोटो]

आक्का: चांगलं हाय. आमच्या निपाणीकडं कसूतीच्या भरतकामात गाठ चालत न्हाई. गवंतीचा टाका घातला तर उलटी सुलटी सारखीच दिसती. तू घातलीस ती फुली म्हंजे आमची मेंथी. संध्याकाळी येऊन बघतो

वैशाली: सुंदरच आहे. फक्त पाण्यात दोन-तीन ओळींत वरचा टाका उलट्या दिशेनं गेलाय का? तेवढंच वेगळं चमकतंय.

सुनंदा: ते पाणी आहे वैशाली. पाणी चमकतंच.

जोशी वहिनी: मंगलताई ग्रुपवर नाहीत ना? नाहीतर सगळं फुटायचं.

सुनंदा: नाही. पार्किंगच्या भांडणाच्या वेळी सोडला तिनं ग्रुप. कुणामुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शिंदे: माझ्याबद्दल असेल तर नाव घेऊन बोला.

पाटील काका, सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, तो विषय मीटिंगमध्ये संपलेला आहे.

सुनंदा: विषय मीटिंगमध्ये संपला. घर तिनं विकलं.

पाटील काका: 🙏

वैशाली: भांडू नका हो. ओला पांढरा रुमाल चादरीच्या कोपऱ्यावर दाबून धरा, दुसरा त्या लाल दोऱ्याच्या उरलेल्या लडीवर. कळेल काय ते.

विक्रम: चाललो टेरेसवर. रुमाल आईचे घेतलेत, वर काही बोलू नका.

देशपांडे सर: विक्रम, चावी कोणाकडून घेतलीस?

विक्रम: सर कुलूपच नाही. नुसती कडी आहे.

देशपांडे सर: मग कुलपाची चावी कोणाकडे आहे?

विक्रम (९:४०): [फोटो] डावीकडचा चादरीचा, एकदम रोझ मिल्क. उजवीकडचा दोऱ्याचा, पांढराशुभ्र. विषय कट. चादरीला दुकानाचं लेबल तसंच आहे. खालून आवाज आला, "दादा ती आमची हाय, सी ४०१." शिंदे काकांचे भाडेकरू.

शिंदे: भाडेकरूंना ग्रुपवर घ्या म्हणून मी घसा कोरडा केला. नाही घेतलं. आता त्या पोरांना कळणार कसं?

पाटील काका: त्याबाबत ठराव झालेला आहे.

जोशी वहिनी: ग्रुपवर असते तर चादरीचा रंग गेला नसता का? 🤔

सुनंदा: पोरांना कुणी काही बोलू नका. नवी चादर आधी वेगळी भिजवायची हे त्यांना कुणी शिकवलं नसेल. पण शिंदे, तुम्ही माझ्या दोऱ्याला नाव ठेवलंत.

शिंदे: दोऱ्याचं मागे घेतो. फ्रेमचे पैसे माझ्याकडून.

सुनंदा: पैसे नकोत. साठी आहे तिची, एक फोन करा.

शिंदे: 👍

विक्रम: 👍 म्हणजे हो की बघू?

सुनंदा (सायं. ६:१५): बादलीतलं पाणी आता स्वच्छ येतंय. नाक लावून बघितलं तर कोपऱ्यात सावली आहे अजून. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपलं, आता घरातच पंख्याखाली आडवं पसरलंय. टेरेसचं नाव काढू नका.

आक्का: बघून आलो. संध्याकाळचा रंकाळा तांबूसच दिसतो. ऱ्हाऊ दे तसंच

वैशाली: सावली पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको काकू. आणि फ्रेमवाल्याला सांगा, गोंद लावू नको, पुठ्ठ्यावर दोऱ्यानं ताणून बसव. काच कापडाला टेकू नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालायला लावा. माझी एक फ्रेम गोंदानं पिवळी पडलीय.

सुनंदा: येशील का बरोबर? मला ते लोक ऐकत नाहीत.

वैशाली: येते. पण त्या दोन ओळी उसवायच्या का आधी?

सुनंदा: नाही.

पाटील काका: टेरेसला उद्या नवे कुलूप बसवत आहोत. चाव्या दोन.

देशपांडे सर: कोणाकोणाकडे?

शिंदे (रा. ९:३०): मंगलताईंचा नंबर जुनाच आहे का?

सुनंदा: जुनाच. दुपारी एक ते तीन झोपते, तेव्हा करू नका. आणि या भेटवस्तूचं बोलू नका.