व्हिजिओमध्ये ४८ पोर्टच्या स्विचचा हलका शेप कसा बनवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सर्व्हर रॅकच्या आकृत्यांसाठी मी व्हिजिओ या मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क स्विचसारख्या उपकरणांचे शेप स्वतः बनवतोय. मापं नेमकी ठेवली आहेत: रुंदी १९ इंच, १ यूची (रॅकमधल्या उंचीचं एकक) उंची १.७५ इंच. अडचण वेगळीच आहे. ४८ पोर्टच्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्ट हा स्वतंत्र उपशेप केला आणि सगळ्यांचा ग्रुप केला. असे वीसेक स्विच एका पानावर आले की झूम करतानाही फाइल अडखळते.

एक प्रयोग करून पाहिला. सगळे पोर्ट एकाच शेपमध्ये वेगवेगळ्या जॉमेट्री सेक्शन (शेपच्या रेषा ठरवणारे भाग) म्हणून घातले, जागा रुंदी-उंचीच्या प्रमाणात सूत्रांनी दिल्या. वेग लगेच सुधारला, पण आता एखाद्याच पोर्टला वेगळा रंग देता येत नाही, आणि वापरात असलेले पोर्ट रंगाने दाखवणं मला फार गरजेचं आहे. केबल जोडायला कनेक्शन पॉइंट (जोडरेषा चिकटायची जागा) मात्र प्रत्येक पोर्टवर ठेवता आले, तेवढं बरं झालं.

यातला मधला मार्ग कुणी काढला आहे का? बारा-बारा पोर्टचे गट करून फरक पडेल का? स्टेन्सिलमधला (शेपच्या संग्रहातला) मास्टर, म्हणजे मूळ शेप, बदलल्यावर जुन्या आकृत्यांमधले शेप कसे अद्ययावत करता, तेही सांगा.