शब्दचर्चा: झाडांवाटे जाणारं पाणी, ‘नुकसान’ की आणखी काही?

प्रश्न: उत्तर फ्लोरिडातल्या जंगलांवरचा लेख मराठीत आणते आहे. सायप्रस या झाडाची पाणथळ जंगलं आणि त्यांना लागून असलेली पाइनची रानं यांतून हवेत किती पाणी जातं, त्याचं गणिती प्रारूप असा विषय आहे. ‘पाण्याचं नुकसान’ आणि पाइनच्या जागेला ‘डोंगराळ भाग’ चालेल का?

उत्तर: ‘नुकसान’ नको, त्यात कुणीतरी पाणी वाया घालवल्याचा आरोप येतो. शेतीच्या लिखाणात ‘बाष्पपर्णोत्सर्जन’ रुळला आहे, तोच घ्या आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड करून द्या. माती, साचलेलं पाणी, ओली पानं यांवरून होतं ते बाष्पीभवन. पानांच्या रंध्रांतून होतं ते पर्णोत्सर्जन, यालाच बाष्पोच्छ्वासही म्हणतात. नुसतं ‘बाष्पीभवन’ लिहिलंत तर झाडंच गायब होतील, आणि इथे सगळा खेळ झाडांचा आहे. पाण्यात उभं असलेलं सायप्रस हिवाळ्यात पानं गाळतं. शेजारचं स्लॅश पाइन बारमाही हिरवं. त्यामुळे पायाशी पाणी असूनही हिवाळ्यात सायप्रसचं पर्णोत्सर्जन जवळपास थांबतं. पेनमन (१९४८) आणि माँटिथ (१९६५) यांचं बाष्पपर्णोत्सर्जन काढायचं समीकरण वापरताना पानांचा हा हंगाम धरावाच लागतो.

‘डोंगराळ’ तर मुळीच नको. तो मुलूख सपाट आहे, पाइनची जमीन पाणथळीपेक्षा किंचितच वर असते. ‘उंचवट्यावरचं पाइनचं रान’ म्हणा. सायप्रसला ‘सुरू’ही करू नका; कोकणातल्या वाचकाला समुद्रकाठची सुरूची बनं दिसतील.

प्रश्न: आणि ‘पाणी उतरलं’? मूळ लेखात पाणथळीतलं पाणी आणि विहिरीतलं भूजल, दोन्ही उतरतात.

उत्तर: दोन्हीकडे ‘पातळी उतरली’ लिहा, ‘पाणी गेलं’ नको. उघडं पाणी ५ मिमी उतरलं तर ५ मिमीच गेलं, म्हणजे हेक्टरी ५० हजार लिटर. पाइनखालच्या वाळूत मात्र पाणी फक्त कणांमधल्या फटींत असतं आणि त्यातलंही थोडंच सुटून येतं. तिथे तेवढंच ५ मिमी गेलं तरी पातळी २५ ते ५० मिमी खाली जाऊ शकते. हा भेद अनुवादात हरवला तर पाइन सायप्रसच्या कितीतरी पट पाणी पितो असं वाचकाला वाटेल. आकड्यांपुढे ‘पातळी’ की ‘पाणी’, हे दर वेळी तपासा.